सात वर्षांचे धान्य

खारघर आधी कागदावर जन्मले आणि मग जमिनीवर. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने खाडीकाठच्या व डोंगरपायथ्याच्या गावांभोवती रेघा आखल्या, सेक्टरांना आकडे दिले, शाळा कोठे, बाजार कोठे, बाग कोठे हे माणसे राहायला येण्यापूर्वीच ठरवून टाकले. अशा नगरात राहणाऱ्या माणसाला नियोजन ह्या शब्दाचा थोडा अभिमान असतो. मुंबईच्या चाळींतून आणि वसईच्या वाड्यांतून इकडे आलेले आम्ही लोक पाहुण्यांना रुंद रस्ते दाखवीत मोठ्या तोऱ्याने सांगत असू, की येथे सगळे आखून रेखून केलेले आहे. मार्च २०२० मध्ये मात्र आमच्या ध्यानात आले, की त्या सुबक नकाशावर साथीच्या रोगासाठी एकही चौकोन सोडलेला नव्हता. आमचे सरकारी इस्पितळ म्हणजे पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय. ते करोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवले गेले, आणि ते योग्यच होते. पण मग अडलेल्या बाळंतिणीने, छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याने, एक दिवसाआड रक्त शुद्ध करून घेणाऱ्या रुग्णाने कोठे जावे, ह्याचे उत्तर त्या आठवड्यात कोणापाशीच नव्हते.

राष्ट्राने महासाथीला तोंड कसे द्यावे हा विषय मंत्र्यांचा, सचिवांचा आणि विषाणुशास्त्रज्ञांचा. निवृत्त परिचारिकेने त्यात पडू नये, असे कोणी म्हणेल. मी एकतीस वर्षे वॉर्डात काढली आहेत. दिल्लीत किंवा मंत्रालयात लिहिलेला प्रत्येक आदेश शेवटी कोठल्या तरी खाटेपाशी येऊन थांबतो, आणि त्या खाटेपाशी बहुधा एक परिचारिका उभी असते. तेथून जे दिसले तेवढेच लिहिते.

आपल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात राष्ट्रीय नियोजनाची एक फार जुनी कथा आहे. फारोला स्वप्न पडले. सात पुष्ट गाई, सात रोड गाई. योसेफाने त्याचा अर्थ सांगितला आणि तेवढ्यावर न थांबता योजनाही सांगितली: सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढा, नगरोनगरी कोठारे बांधा, त्यावर अधिकारी नेमा. पुष्कळ प्रवचनांत ही कथा येथेच संपते. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायापर्यंत गेले, तर पुढचा भागही वाचायला मिळतो. दुष्काळ आला तेव्हा कोठारातले ते धान्य लोकांना विकत दिले गेले. आधी त्यांचा पैसा गेला, मग गुरेढोरे गेली, मग शेते गेली आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. याजकांच्या जमिनींना मात्र हात लागला नाही, हे आमच्या फादरांना मी थट्टेने एकदा ऐकवले आहे. तेव्हा साठा करणे ही अर्धीच योजना. साठा कोणाच्या दारी, कोणत्या भावाने पोहोचणार, हा तिचा दुसरा अर्धा भाग.

मुंबईत धोबीतलावाला, मेट्रो सिनेमाच्या समोर, एका डॉक्टरांचा पुतळा आहे. रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून जातात आणि नाव विचारले तर फारच थोड्यांना सांगता येते. ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस. १८५६ साली बारदेशातील हडफडे येथे जन्मलेला हा गोव्याचा कॅथोलिक मुलगा मुंबईत डॉक्टर झाला, १८८८ मध्ये महापालिकेवर निवडून आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या रुग्णांना ताप व काखेत-जांघेत गाठी आलेल्या पाहून हा ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा रोग आहे असे त्यांनी निदान केले आणि ते महापालिकेत उभे राहून सांगितले. ऐकणाऱ्यांना ते रुचले नाही. ह्यात केवळ वैद्यकीय शंका नव्हती. मुंबई हे बंदर होते. प्लेग हा शब्द उच्चारला की युरोपची बंदरे मुंबईच्या गलबतांना दार लावणार आणि कापसाचा व्यापार बसणार, हे सर्वांना कळत होते. म्हणून कागदोपत्री काही काळ नुसता गाठीचा ताप राहिला. बाहेरून तज्ज्ञ आणून खात्री करून घ्यावी लागली, आणि व्हिएगसांचे निदान खरे ठरले. तोवर रोग मांडवीत थांबलेला नव्हता.

ह्या प्रसंगाकडे मी नेहमी परत जाते, कारण महासाथीच्या नियोजनातली सर्वांत अवघड गोष्ट तेथे उघडी पडते. साथ आहे हे प्रथम सांगणाऱ्याला शिक्षा होते. तेव्हा मुंबईला झाली. सव्वाशे वर्षांनी दक्षिण आफ्रिकेला झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी करोनाचे नवे रूप, ज्याला पुढे ओमिक्रॉन म्हटले, ते तत्परतेने जगासमोर ठेवले, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून काही तासांत देशोदेशींनी त्यांची विमाने बंद केली. जो बोलेल त्याचे नुकसान होणार असेल, तर पुढच्या वेळी कोण बोलेल?

प्लेगाने मुंबई अर्धी रिकामी केली. गटारांत कार्बॉलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडण्यात आले. रोग उंदरांवरील पिसवांतून पसरतो हे पॉल लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ मध्ये, तोपर्यंत सगळा प्रहार दुर्गंधीवर होता. वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ह्याच काळात वांद्र्यात, माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या गल्ल्यांत आपल्या पूर्वजांनी क्रूस उभारले. त्यांतले कित्येक आजही आहेत. मे महिन्यात तेथे माळेची प्रार्थना होते, पोरे चण्यांसाठी थांबतात. ह्या क्रुसांना प्लेगचे क्रूस म्हणतात हे त्या पोरांना ठाऊक असते; प्लेग म्हणजे काय, हे २०२० पर्यंत त्यांना ठाऊक नव्हते.

सरकारने ह्या धांदलीत एक कायदा केला. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही ही हमी. एवढा त्याचा सारांश. साथ म्हणजे काय ह्याची व्याख्या त्यात नव्हती, आणि सरकारने रुग्णासाठी काय करायचे ह्याबद्दल अवाक्षर नव्हते. अधिकार होते, कर्तव्ये नव्हती. त्या कायद्याचा अर्थ पुण्याने अनुभवला. रँडसाहेबाचे गोरे शिपाई घरात, देवघरात, माजघरात शिरले. बायकांची तपासणी उघड्यावर झाली. लोक रोग्यांना माळ्यावर, कणग्यांमागे लपवू लागले. लपवलेला रोगी म्हणजे पसरणारा रोग. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच पुण्यात, त्याच्या तीन महिने आधी, १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. डॉक्टर मुलाने उघडलेल्या दवाखान्यात त्या आजाऱ्यांना आणत होत्या, आणि त्यांच्याच संसर्गाने त्यांना प्लेग झाला. एका शहरात रोग्याला शोधायला दोन प्रकारची माणसे निघाली होती. एकांना पाहून लोक रोगी लपवीत, दुसऱ्यांच्या हाती तो विश्वासाने देत. साथीची योजना करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा, आकडेवारी मागाहून.

तोच चार कलमी कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने मुंबई, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथे लागू केला. एप्रिलमध्ये अध्यादेश काढून त्यात डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षेची तरतूद घातली गेली. ती हवीच होती. माझ्यासोबत काम केलेल्या एका तरुण मुलीला तिच्या इमारतीत रात्रपाळीहून परत येताना जिन्यात अडवले होते. पण कायद्याचा गाभा जुनाच राहिला.

माझ्या स्वतःच्या नोकरीत मी पहिली साथ पाहिली ती १९९४ ची. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगचे रुग्ण निघाले. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने सोडलेल्या घरांत धान्य राहिले, त्या धान्यावर उंदीर माजले, असा तज्ज्ञांनी त्याचा मेळ लावला. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची ओरड झाली आणि लाखो माणसे गाड्या भरून पळाली, त्यांतली पुष्कळशी मुंबईकडे आली. दोन दिवसांत आमच्या भागातल्या औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन नाहीसे झाले. ज्याला गरज नव्हती त्याने ते उशाखाली ठेवले, आणि ज्याला ताप होता तो आमच्या दारात चिठ्ठी घेऊन उभा होता. सुरतेत मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, भीतीने झालेले नुकसान मात्र मोजण्यापलीकडचे होते. पुढे एस. आर. राव ह्या आयुक्तांनी ते शहर असे झाडून काढले, की देशातील स्वच्छ शहरांत त्याची गणना होऊ लागली. सुरतेने साथ संपल्यावर काम सुरू केले. बहुतेक ठिकाणी साथ संपली की काम संपते.

२००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. दर आठवड्याला तीन नमुने भरायचे: आरोग्यसेविकेला जे संशयास्पद वाटले त्याचा एक, डॉक्टरांनी जे निदान केले त्याचा दुसरा, प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले त्याचा तिसरा. कल्पना उत्तम आहे. कोठल्याशा वाडीत एका आठवड्यात अकरा जणांना जुलाब झाले, तर विहिरीत काहीतरी गेले आहे हे कागदानेच ओरडून सांगावे. पण आपल्या कार्यालयांत एक शब्द आहे, निरंक. काही नाही, शून्य. मी एका ठिकाणी पाहिले, की शनिवारी दुपारी गठ्ठ्याने निरंक अहवाल लिहिले जात. विचारले तर उत्तर मिळाले, "सिस्टर, आकडा लिहिला की चार प्रश्न येतात. निरंकला कोणी काही विचारत नाही." खरे शोधून लिहिलेला निरंक आणि आळसाने लिहिलेला निरंक कागदावर अगदी सारखे दिसतात. राष्ट्रीय सर्वेक्षणाची सगळी भव्य इमारत ह्या एका शब्दावर उभी आहे. आता ती नोंद संगणकावर होते; पण संगणकालाही निरंक हा शब्द येतो.

२०२० च्या मार्चअखेरीस आमच्या फादरांनी फोन केला. देवळे बंद झाली होती. आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस ह्यांनी सार्वजनिक मिस्सा थांबवल्या होत्या, १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही दूरचित्रवाणीसमोर गुडघे टेकून साजरा करणार होतो. २७ मार्चच्या संध्याकाळी पावसात भिजणाऱ्या रिकाम्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे उभे होते. त्यांच्या जवळ जो क्रूस होता तो १५२२ च्या प्लेगात रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेला होता. ते चित्र पाहून अनेकांनी डोळे पुसले. फादरांचा प्रश्न मात्र साधा होता: "सिस्टरबाई, आपल्या धर्मग्रामात एकटी राहणारी म्हातारी माणसे किती?" आम्हाला सांगता येईना. बाप्तिस्म्याची नोंदवही होती, लग्नाची होती, मृत्यूची होती. कोण एकटा आहे, कोणाची साखर वाढलेली आहे, कोणाचा मुलगा आखातात अडकला आहे, ह्याची वही नव्हती.

आम्ही ती केली. लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रमुखांनी आपापल्या इमारतींतून फोनवरून माहिती घेतली. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, वसईचे, आगरी गावांत भाड्याने राहणारे. चार भाषांत विचारावे लागले. एकशे त्रेसष्ट नावे झाली. प्रत्येक नावापुढे औषध, डॉक्टर, जवळचा शेजारी आणि रात्री फोन घेईल असा एक माणूस. हा शेवटचा रकाना भरणे सर्वांत कठीण गेले. दिवसा मदत करणारे पुष्कळ असतात.

तरीही वहीतली एक आजी गेली. तिला करोना नव्हता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागे. ज्या खाजगी केंद्रात ती जाई तेथे एक कर्मचारी बाधित निघाला आणि केंद्र बंद झाले. दुसऱ्या केंद्राने सांगितले, चाचणीचा निर्वाळा आणा. चाचणी झाली, निर्वाळा यायला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिच्या पायांवर बोट ठेवले तर खळगा तसाच राहत होता. मी इकडेतिकडे फोन करीत होते, ओळखीच्या वॉर्डातील मुलींना विनवीत होते. चौथ्या दिवशी पहाटे तिला श्वास लागला आणि गाडी येण्याआधी ती गेली. दुपारी निर्वाळा आला: बाधा नाही. फादर आदल्या रात्री येऊन गेले होते. दाराच्या चौकटीपासूनच त्यांनी पापमुक्तीचे शब्द म्हटले, मग क्षणभर थांबले आणि आत येऊन तिच्या कपाळावर तेल लावले. कोणी त्यांना बोलले नाही.

अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आठच आली. त्या दिवसांत ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत एक वेगळी धास्ती होती. ३० मार्चला मुंबई महापालिकेने करोनाने मृत झालेल्या सर्वांचे दहन करावे असा आदेश काढला आणि त्याच दिवशी मागे घेतला; मग मुंबईत दफनभूमीचा वाद उच्च न्यायालयात गेला, आणि २२ मे रोजी न्यायालयाने दफनाचा हक्क मान्य केला. ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनाला मुभा दिलेली आहे, त्यामुळे आपल्यापुढे धर्मसंकट असे नव्हते. तरी दहन आपण निवडणे वेगळे आणि कोणी पहाटेच्या परिपत्रकाने ते लादणे वेगळे. मृतदेहातून रोग पसरतो असा पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच सांगितलेले होते. साथ आल्यावर मेलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न शांततेच्या काळात, सर्व धर्मांच्या माणसांना समोर बसवून सोडवायचा असतो. अफवा उठल्यावर तो सुटत नाही.

आजीसारखी माणसे देशभर किती गेली, ह्याचा हिशेब कधी पूर्ण लागणार नाही. काही खुणा मात्र आहेत. आमच्या खारघरात टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. कर्करोगावर उपचारासाठी तेथे दूरदूरच्या राज्यांतून माणसे येतात, आणि त्यांच्या नातेवाइकांचे चेहरे आम्ही स्टेशनवर ओळखतो. देशातील ४१ कर्करोग केंद्रांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च ते मे २०२० ह्या काळात तेथे नव्याने नोंदलेल्या रुग्णांची संख्या आदल्या वर्षापेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होती. कर्करोग निम्मा झाला नव्हता. गाड्या बंद होत्या. क्षयरोगाचे तसेच. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये सुमारे १८ लाखांची. उरलेले सहा लाख कोठे गेले? ते घरी होते, खोकत होते. एका रोगाशी लढण्याची अशी योजना, जिच्यात बाकीचे रोग रजेवर गेले आहेत असे धरलेले असते, ती योजना मला मान्य नाही. साथीच्या पहिल्याच आदेशात डायलिसिस, बाळंतपण, क्षयाची औषधे, कर्करोग ह्यांची केंद्रे कोणती व ती कशी चालू राहणार, हे नावानिशी लिहिलेले असले पाहिजे.

आणि चार तास! २४ मार्चच्या रात्री आठ वाजता सांगितले गेले, बारा वाजता देश बंद झाला. संसर्ग रोखायला बंदी हवी होती हे मी नाकारत नाही. वॉर्ड तयार करायला मिळालेले ते आठवडे मोलाचे होते. पण रोजंदारीवर जगणारा माणूस चार तासांत काय करील, ह्याचा विचार त्या आदेशात कोठे होता? आमच्या समोरच्या शीव-पनवेल महामार्गावरून एप्रिल-मेमध्ये माणसे चालत जाताना आम्ही पाहिली. डोक्यावर बोचके, कडेवर मूल. धर्मग्रामातील मुले पाणी आणि केळी घेऊन उभी राहत. ८ मेच्या पहाटे जालन्याहून निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाडला रेल्वेरुळांवर झोपेतच मालगाडीखाली गेले. त्या आधी तीन दिवस पनवेलहून श्रमिकांसाठी खास गाडी सुटली होती. ती गाडी मार्चमध्ये सुटली असती तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

लसीच्या वेळी मला योसेफाचे कोठार आठवले. पुण्यात लस तयार होत होती, जगाला आपला हेवा वाटावा अशी गोष्ट. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले. मग एप्रिलात, दुसरी लाट ऐन भरात असताना, एकाच कुपीचे तीन भाव जाहीर झाले: केंद्र सरकारला १५० रुपये, राज्यांना आधी ४०० आणि मग ३००, खाजगी इस्पितळांना ६००. नाव नोंदवायला मोबाइलवर कोविन उघडावे लागे. शहरातली चपळ बोटांची तरुण माणसे मोटारी घेऊन ग्रामीण केंद्रांवर जात, आणि त्या गावची माणसे ओट्यावर बसून त्यांना पाहत. आमच्या इमारतीत काम करणारी मावशी म्हणाली, "सिस्टर, आमचा नंबर फोनात लागत नाय. आम्ही काय करायचं?" डोंगरावरच्या चाफेवाडी-फणसवाडीसारख्या पाड्यांत तर फोनला रेंजच शोधावी लागते. जून २०२१ पासून केंद्राने पुन्हा सर्व प्रौढांसाठी मोफत लस घेतली, थेट केंद्रावर नाव नोंदवता येऊ लागले, आणि त्यानंतर आकडे भराभर वाढले. ऑक्टोबरमध्ये शंभर कोटी मात्रा झाल्या. ते श्रेय द्यायलाच हवे. पण मधल्या आठवड्यांत ज्यांचा नंबर फोनात लागला नाही, त्यांच्यासाठी तो ऑक्टोबर उशिराचा होता.

आता पुढच्या वेळेची तयारी कागदावर सुरू आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे सांगितले व साथरोग योजना आधीच तयार असावी अशी शिफारस केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने साथीच्या पहिल्या शंभर दिवसांत काय करावे ह्याचा आराखडा मांडला आणि सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी स्वतंत्र कायदा सुचविला. २० मे २०२५ रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य परिषदेने महासाथ करार स्वीकारला. रोगजंतूचा नमुना जो देश देईल त्याला त्यातून तयार होणाऱ्या लसीचा वाटा कसा मिळावा, हे कलम मात्र पुढील वाटाघाटींसाठी ठेवावे लागले. व्हिएगसांच्या वेळचाच हा पेच आहे, जगाच्या मापाचा झालेला.

नीती आयोगाच्या त्या आराखड्यातली शंभर दिवसांची कल्पना मला पटते. माझी मागणी एवढीच, की त्या शंभर दिवसांतला पहिला दिवस तालुक्याच्या इस्पितळातून मोजावा. तेथे प्राणवायूची किती सिलिंडरे, ती भरायची कोठे, रात्री गाडी चालवणारा कोण, सुटीवर गेलेल्या परिचारिकेची जागा कोण घेणार, हे माहीत असलेला एक माणूस आधीपासून पगारावर हवा. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ह्या मोहिमेत दोन मुली ऑक्सिमीटर घेऊन आमच्या मजल्यावर आल्या. पाचपैकी दोन दारे उघडली नाहीत. गावोगावच्या आशाताईंना त्या काळात केंद्राकडून महिन्याला जादा एक हजार रुपये मिळाले. देशाच्या सर्वेक्षणाचे डोळे आणि कान ह्याच बाया आहेत, आणि त्यांना आपण अजूनही स्वयंसेविका म्हणतो, म्हणजे पगार द्यावा लागत नाही.

मृत्यू मोजण्याविषयीही बोलले पाहिजे. महाराष्ट्रात करोनाने अधिकृतपणे सुमारे एक लाख अठ्ठेचाळीस हजार माणसे गेली, देशात पाच लाखांवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ मिळून भारतातील जादा मृत्यूंचा अंदाज सत्तेचाळीस लाखांचा केला. आपल्या सरकारने त्यावर जोरदार आक्षेप घेतला. कोण बरोबर, हे मी ठरवू शकत नाही. आमची आजी कोणत्याही करोनाच्या यादीत नाही, एवढे मला ठाऊक आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने आपल्या देशात कोटीच्या वर माणसे नेली. ते तरी आपल्याला कसे कळले? १९२१ च्या शिरगणतीत आधीच्या दहा वर्षांपेक्षा लोकसंख्या घटलेली निघाली म्हणून. मेलेल्यांची मोजदाद नीट न करणाऱ्याला पुढच्या वेळी किती खाटा लागतील हे कळणार नाही.

आमची वही अजून आहे. दरवर्षी प्रायश्चित्तकाळात ती नव्याने लिहायची असे ठरले होते. दोन वर्षे झाले, तिसऱ्या वर्षी राहून गेले, मागच्या वर्षी पुन्हा केले. पहिल्या एकशे त्रेसष्ट नावांतली सव्वीस आता मृत्यूच्या नोंदवहीत आहेत. काही मुलांकडे कॅनडाला, दुबईला गेले. रात्री फोन घेणाऱ्यांच्या रकान्यात एका मुलाने तीन घरांसाठी आपलेच नाव लिहून ठेवले आहे, त्याला विचारले तर म्हणतो, "आन्टी, मी जागाच असतो." मेट्रोच्या वाटेवर नवे मनोरे उभे राहिले आहेत, तिकडच्या अकरा कुटुंबांची माहिती अद्याप घ्यायची आहे. त्यांतली दोन घरे मंगळूरहून नुकतीच आलेली असून त्यांना मराठी येत नाही. कोंकणी बोलणारी एक मुलगी शनिवारी माझ्याबरोबर येते म्हणाली आहे. पावसाला जोर धरायच्या आत ते उरकायला हवे.